गोळी, प्रार्थना आणि जागरण

लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर रेणापूर लागते. तेथील एका कुटुंबाला भेटावयास आम्ही गेलो होतो. प्रार्थना झाली, चहा झाला आणि निघण्याच्या बेतात असताना त्या घरच्या माउलीने भिंतीवरील येशूच्या अतिपवित्र हृदयाच्या तसबिरीमागून गोळ्यांची एक पट्टी काढून आमच्या हाती दिली. पट्टीतील एकही गोळी फोडलेली नव्हती. तिचा वीस वर्षांचा मुलगा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी दोन वर्षे लातूरला राहून परत आला होता. तो जेवत नव्हता, झोपत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता. ‘माझ्यामुळं तुमचं शेत गेलं,’ एवढेच एकदा म्हणाला होता. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान करून औषध लिहून दिले. मात्र पुण्यातील भाच्याने फोनवर सांगितले, की या जातीच्या औषधांवर अमेरिकेत काळ्या चौकटीत इशारा छापतात. तरुणांच्या मनात त्यामुळे आत्महत्येचे विचार येऊ शकतात.

“फादर, जी गोळी जीव वाचवायला आणली तीच जीव घेती म्हणतेत. देऊ का नको, तुमीच सांगा,” माउली म्हणाली.

प्रश्न वैद्यकाचा होता आणि तो विचारला जात होता धर्मगुरूला. ‘डॉक्टरांना विचारा’ असे म्हणून आम्हांस सुटता आले असते. ते उत्तर चुकीचेही ठरले नसते, पण अपुरे ठरले असते. ज्या औषधाने बरे व्हावयाचे त्यातच, थोड्या प्रमाणात का होईना, त्याच संकटाची भीती असेल तर ते आपल्या लेकराला द्यावे काय? हा नीतीचाही प्रश्न आहे आणि तो आज आपल्या अनेक धर्मग्रामांतील घरांत दबक्या आवाजात विचारला जात आहे.

या प्रश्नापुढे आम्ही नि:पक्षपाती नाही, हे आधीच सांगणे आमचे कर्तव्य आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही तिशीत असताना, दुसऱ्या एका धर्मग्रामातील चाळिशीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. दोन-अडीच महिने ते अशीच औषधे घेत होते आणि त्यांना बरे वाटू लागले होते. ‘गावातले लोक येडा म्हणतेत, गोळ्या बंद करू का?’ असे त्यांनी विचारले. आम्ही नवखे होतो, उत्साही होतो. प्रभूवर भरवसा ठेवा, आता गोळ्यांची काय गरज, अशा अर्थाचे काही आम्ही बोललो. त्यांनी गोळ्या सोडल्या. सुगीच्या आधीच त्यांनी स्वत:चा जीव संपविला. आमच्या त्या एका वाक्यामुळेच हे घडले असे म्हणणे खरे होणार नाही. असा मृत्यू एकाच कारणाने घडत नसतो. परंतु ते वाक्य उच्चारण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, ही गोष्ट त्या दिवसापासून आम्ही विसरलेलो नाही. प्रस्तुत लेख त्या ऋणाच्या जाणिवेतून लिहिला आहे.

दु:ख आणि दुखणे

पीक बुडाले, मुलगी विधवा झाली, परीक्षेत अपयश आले तर माणूस रडतो. हे दु:ख आहे. त्याला औषध लागत नाही, सोबत लागते. पण कधी कधी दु:खाचे दुखणे होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन जड राहते, कशातच गोडी वाटत नाही, झोप आणि भूक बिघडतात, हातपाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात, आपण घराला ओझे झालो आहोत असे वाटू लागते आणि मरणाचे विचार येऊ लागतात. त्या स्थितीतील माणूस खोटे बोलत नसतो. त्याला जग तसेच दिसत असते. ताप आलेल्या माणसाला ‘तू जरा मनावर घे, ताप उतरेल’ असे आपण म्हणत नाही. नैराश्याने ग्रासलेल्याला मात्र आपण नेमके हेच म्हणतो.

पवित्र शास्त्र याबाबतीत आपल्यापेक्षा अधिक समंजस आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलिया संदेष्टा रानात जाऊन रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि परमेश्वराकडे मरण मागतो. कर्मेल पर्वतावर आदल्याच अध्यायात विजयी झालेला हा माणूस! परमेश्वराचा दूत त्याला काय सांगतो? तो त्याची कानउघाडणी करीत नाही, विश्वास कमी पडल्याबद्दल दोष देत नाही. तो त्याला स्पर्श करतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या पुढे करतो. एलिया खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा येतो. परमेश्वराची मंद वाणी ऐकू येते ती त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. शरीराची काळजी आधी आणि उपदेश मागाहून, हा देवाने घालून दिलेला क्रम आहे. आम्ही त्या गृहस्थांच्या बाबतीत तो उलटा केला होता.

औषधाविषयी काय ठाऊक आहे

ही औषधे काहीशी योगायोगाने सापडली. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील क्षयरोग्यांना एक नवे औषध देण्यात आले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींचे मन अनपेक्षितपणे प्रफुल्लित झाल्याचे दिसून आले. त्याच दशकात स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ रोलान्ड कून यांना इमिप्रामिन या औषधाने खिन्नता हटते असे आढळले; १९५७ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. १९८७ च्या अखेरीस फ्लुऑक्सेटिन या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. जुनी औषधे प्रमाणाबाहेर घेतल्यास हृदयाला घातक ठरत. नवी त्या मानाने पुष्कळ सुरक्षित होती. त्यामुळे त्यांचा प्रसार झपाट्याने झाला.

शंकाही लवकरच उपस्थित झाली. १९९० मध्ये अमेरिकेतील काही डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटिन सुरू केल्यावर सहा रुग्णांच्या मनात आत्महत्येचे तीव्र विचार उद्भवल्याची नोंद प्रसिद्ध केली. वाद पेटला. औषधाचे समर्थक म्हणत, की हे विचार आजाराचे आहेत, औषधाचे नव्हेत. या युक्तिवादात तथ्य आहे आणि ते समजावयास मराठवाड्यातील माणसाला वेळ लागू नये. ज्या गावी टँकर अधिक येतात त्या गावी पाण्याची टंचाई अधिक असते. म्हणून टँकरने टंचाई आणली असे आपण म्हणत नाही. तद्वतच ज्यांना ही औषधे दिली जातात ते मुळातच धोक्यात असलेले लोक असतात.

तथापि एवढ्यावर प्रश्न मिटला नाही. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यागत दोन गट करावयाचे, एकाला खरे औषध आणि दुसऱ्याला त्याच रूपाची निर्गुण गोळी द्यावयाची, अशा चाचण्यांत टँकरचा आक्षेप टिकत नाही, कारण दोन्ही गटांत टंचाई सारखीच असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांवरील व किशोरवयीनांवरील अशा २४ चाचण्या, सुमारे ४,४०० रुग्णांच्या, एकत्र तपासल्या. आत्महत्येचे विचार किंवा तशी कृती औषध घेणाऱ्यांत शंभरात सुमारे चार आणि निर्गुण गोळी घेणाऱ्यांत शंभरात सुमारे दोन आढळली. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. २००४ मध्ये काळ्या चौकटीतील इशारा आला तो या आधारावर. २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू करण्यात आला. त्याच वेळी असेही नमूद झाले, की चोविशीच्या पुढे असा वाढीव धोका दिसत नाही आणि पासष्टीच्या पुढे तर औषधाने तो कमी होतो. तसेच नैराश्य हा आजार स्वत:च आत्महत्येच्या धोक्याशी निगडित आहे.

यावरून भाच्याचे म्हणणे निराधार नव्हते हे मान्य केले पाहिजे. परंतु ते अर्धे होते.

हा धोका विशेषत: आरंभीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना असतो. असे का व्हावे, याविषयी डॉक्टरांचे एक जुने निरीक्षण आहे. मन उजळावयास दोन ते चार आठवडे किंवा अधिकही लागतात. पण अंगातील मरगळ कधी कधी त्याआधीच सरते. अंधार तसाच आणि हातापायांत बळ आलेले, असा तो अवघड काळ होय. काहींना औषधाने विलक्षण बेचैनी येते, एका जागी बसवत नाही, झोप उडते. काहींचा आजार दुहेरी असतो. आज खिन्नता, उद्या अतिउत्साह. अशांना केवळ हे औषध दिल्यास मन भलत्याच टोकाला जाऊ शकते. म्हणूनच या गोळ्या शेजाऱ्याच्या पट्टीतून किंवा मेडिकल दुकानातून परस्पर घ्यावयाच्या नसतात आणि बरे वाटले म्हणून एकाएकी सोडावयाच्याही नसतात.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा आणि १,१६,४७७ रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील एकवीसच्या एकवीस औषधे प्रौढांमध्ये निर्गुण गोळीपेक्षा अधिक गुणकारी ठरली. गुण सरासरीने माफक होता, चमत्कार नव्हे. ‘मेंदूत सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते’ हे सोपे समीकरणही सिद्ध झालेले नाही, हे २०२२ मधील एका व्यापक आढाव्याने दाखविले. म्हणजे औषध कसे काम करते याचे ज्ञान अपुरे आहे. ते पुष्कळांना उपयोगी पडते हे मात्र दिसते. पुष्कळ उपायांची माणसाला आधी प्रचीती आली आणि मग कारण उमगले.

नीतिशास्त्र काय सांगते

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांस ‘द्विविध परिणामाचे तत्त्व’ शिकविले गेले. त्याचा उगम संत थॉमस अक्विनास यांच्या विवेचनात आहे. एकाच कृतीतून एक चांगला आणि एक वाईट परिणाम संभवत असेल तर ती कृती करावी काय? तत्त्व चार गोष्टी तपासावयास सांगते. कृती स्वत: वाईट नसावी, हेतू चांगल्या परिणामाचाच असावा, चांगला परिणाम वाईटाच्या मार्गाने साधलेला नसावा, आणि वाईटाचा धोका पत्करण्याइतके मोठे कारण असावे.

ही कसोटी त्या पट्टीला लावून पाहू. औषध देणे ही कृती वाईट नाही. हेतू मुलाला वाचविण्याचा आहे. तो बरा होईल तो त्या बेचैनीमुळे नव्हे. बेचैनी हा वाटेतील काटा आहे, वाट नव्हे. राहिला प्रश्न कारणाच्या मोठेपणाचा. येथे आपण एक चूक करतो. गोळीच्या धोक्याची तुलना आपण शून्याशी करतो. जणू गोळी दिली नाही तर धोकाच नाही. तसबिरीमागे ठेवलेली न फोडलेली पट्टी हाही एक निर्णयच असतो आणि त्यालाही परिणाम असतात. न खाणारा, न झोपणारा, स्वत:ला ओझे मानणारा मुलगा घरात आहे. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तो आहे. अमेरिकेत इशाऱ्यानंतर तरुणांना औषध देण्याचे प्रमाण घटले. त्यामुळे आत्महत्येचे प्रयत्न वाढले असे काही संशोधक म्हणतात, इतरांना ते मान्य नाही. वाद कसाही सुटो, भीतीपोटी काहीच न करणे म्हणजे निर्दोष राहणे नव्हे, एवढे निश्चित.

यावर कोणी म्हणेल, की मग गोळी द्या आणि मोकळे व्हा. तसेही नाही. सौम्य नैराश्यात केवळ समुपदेशनाने भागू शकते. किशोरवयीनांच्या बाबतीत तर अधिकच जपून पावले टाकावी लागतात. तो निर्णय डॉक्टरांचा. पण द्विविध परिणामाचे तत्त्व शिकविताना पुष्कळदा मागे राहणारी एक अट आहे, ती आमच्या मते येथे सर्वांत महत्त्वाची आहे. जो धोका आपण पत्करतो तो शक्य तितका कमी करण्याचे कर्तव्यही आपल्यावरच येते. औषध देणे न्याय्य आहे. पण औषध देऊन त्या मुलाला माडीवरच्या खोलीत एकटे सोडणे न्याय्य नाही. म्हणजेच या प्रश्नाचे निम्मे उत्तर गोळीत आहे आणि निम्मे घरात.

प्रार्थना की उपचार?

आपल्या काही भाविकांच्या मनात आणखी एक काटा असतो. मनाची गोळी घेणे म्हणजे विश्वास कमी असल्याची कबुली, असे त्यांना वाटते. मधुमेहाची गोळी घेताना असे वाटत नाही. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय त्यांनी वाचावा. वैद्याचा मान राखा, त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले. औषधी त्याने भूमीतून उगविल्या आणि शहाण्याने त्यांचा तिरस्कार करू नये, असा त्याचा आशय आहे. त्याच अध्यायात आजारपणी प्रार्थना करावयास सांगितले आहे आणि त्याच श्वासात वैद्यालाही जागा द्यावयास सांगितले आहे. दोहोंमध्ये निवड करावयास शास्त्र सांगत नाही. आपणच ती करीत बसतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतींत सांगितले, की वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, अर्जेंटिनात असताना, सुमारे सहा महिने ते आठवड्यातून एकदा एका ज्यू मनोविश्लेषक बाईंकडे जात असत. त्या बाईंविषयी ते आदराने बोलले. जे पोप महोदयांना कमीपणाचे वाटले नाही ते रेणापूरच्या मुलाला का वाटावे?

मराठी चित्रपटानेही ही गोष्ट आपल्यापुढे मांडली आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला २०१६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जीव द्यावयास निघालेल्या एका तरुणाला अनोळखी माणसे आसरा देतात. त्याला प्रश्न विचारून भंडावत नाहीत, नुसती सोबत करतात. धर्मग्रामाच्या सभागृहात तो अवश्य दाखवावा.

दुष्काळाचे काय?

एक गंभीर आक्षेप असा, की आमच्या भागातील माणूस मरतो तो कर्जाने, नापिकीने आणि भावाअभावी; त्याला गोळी देणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे होय. या आक्षेपाचा आम्ही आदर करतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली; त्यांतील २२,७४६ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. एवढी मोठी संख्या केवळ मेंदूतील रसायनांनी स्पष्ट होत नाही. कर्जाचा प्रश्न कर्जाच्याच जागी सोडविला पाहिजे आणि त्यासाठी ख्रिस्तसभेने आवाज उठविला पाहिजे.

पण २०१६ चा एप्रिल आठवावा. तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या गाडीने दुष्काळ संपविला नाही. जमिनीतील पाण्याचा उपसा, उसाची हाव, बुजलेले ओढे हे प्रश्न जेथल्या तेथे राहिले. तरीही, मूळ कारण दूर होईपर्यंत तहानलेल्याने पाणी पिऊ नये असे कोणी म्हणाले नाही. कर्ज आणि आजार एकाच घरात एकत्र नांदू शकतात. किंबहुना कर्जाशी झुंजावयास लागणारे बळच आजार हिरावून घेतो.

या भूमीला मनाच्या जखमांचा अनुभव नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्यानंतर भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घेतला. त्याचे प्रमुख डॉ. मोहन आगाशे होते. २०१५ मध्ये राज्य शासनाने मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन विचारपूस करावी आणि आजारी वाटणाऱ्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे, अशी त्याची योजना. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने गावातल्याच माणसांना शिकवून असेच काम केले. आधी नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम चार उपचारापर्यंत पोहोचत होते. दीड वर्षाने हे प्रमाण सत्ताविसावर गेले. गोव्यात ‘संगात’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टरांच्या जोडीला साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांना बसविले. सरकारी केंद्रांतील रुग्ण लक्षणीय प्रमाणात अधिक बरे झाले. या सर्वांत एक सूत्र समान आहे. गोळी एकटी पाठविली गेली नाही. तिच्यासोबत एक माणूस पाठविला गेला.

जे गेले त्यांच्याविषयी

ज्या घरातून कोणी असे गेले आहे त्या घराने हा लेख वाचला तर त्याला काय वाटेल, याचाही विचार आम्ही केला आहे. पूर्वी ख्रिस्तसभेचे धोरण कठोर होते. १९१७ च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून जीव देणाऱ्यास धार्मिक दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेतील विधी नाकारण्याच्या यादीत त्यांचा उल्लेख नाही. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाने आत्महत्या ही कृती गंभीररीत्या चुकीची आहे हे कायम ठेवले, कारण जीवन आपल्या मालकीचे नाही, आपण त्याचे विश्वस्त आहोत. मात्र तीव्र मानसिक विकार, यातना किंवा भीती यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होते असे शिकविले. देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी त्यांना तारण मिळू शकते, म्हणून त्यांच्याविषयी निराश होऊ नये, असेही सांगितले. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

देशाच्या कायद्यानेही हीच वाट धरली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरविणारे जुने कलम उरलेले नाही. न्यायाधीशाचे मन बदलले; आता शेजाऱ्यांचे बदलावयाचे आहे. अशा घरी मयतीला जाताना ‘का केले?’ हा प्रश्न दाराबाहेर ठेवावा.

एक घटकाभर जागे राहणे

गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता, असे शुभवर्तमान सांगते. त्या रात्री त्याने शिष्यांकडे तर्क मागितला नाही, उपदेश मागितला नाही. आपल्यासोबत जागे राहा, एवढेच मागितले. आणि ते झोपी गेले. नैराश्याच्या औषधाचे पहिले काही आठवडे म्हणजे प्रत्येक कुटुंबाची गेथशेमाने होय.

हे जागरण कशाचे करावयाचे? गोळ्या घरच्या जबाबदार माणसाने आपल्या ताब्यात ठेवाव्यात आणि रोजची गोळी हातावर द्यावी. फवारणीचे औषध घरात ठेवू नये, कुलपात किंवा दुसरीकडे ठेवावे. श्रीलंकेत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर दोन दशकांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले. आवेगाची घटका टळली की पुष्कळ माणसे जगतात. लिझ्यूची संत तेरेझा १८९७ मध्ये क्षयाने, असह्य वेदनांत, वयाच्या चोविसाव्या वर्षी निवर्तली. रुग्णाला भयंकर वेदना होत असतील तर विषारी औषधे त्याच्या हाताशी ठेवू नका, असे तिने आपल्या वडीलधाऱ्या भगिनीला बजावले होते. एवढ्या मोठ्या संतालाही ती काळजी ठाऊक होती. विश्वास आणि कुलूप यांत विरोध नाही.

मुलाची बेचैनी वाढली, झोप पूर्ण उडाली, तो निरवानिरवीचे बोलू लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ‘तुझ्या मनात मरणाचा विचार येतो का?’ असे सरळ आणि मायेने विचारावे. विचारल्याने विचार पेरला जातो ही भीती खोटी आहे. विचारल्याने तो एकटा उरत नाही. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर शासनाची १४४१६ ही ‘टेलिमानस’ सेवा २०२२ पासून विनामूल्य आहे. आणि आम्हां धर्मगुरूंना केव्हाही उठवावे. त्यासाठीच आम्ही आहोत.

त्या दिवशी रेणापूरला आम्ही माउलीला हेच, पण थोडक्यात सांगितले. “मावशी, गोळी द्या. पण आधी डॉक्टरांना फोन करून भाच्याची शंका त्यांच्या कानावर घाला. आणि पहिला महिना पोराला एकटं ठेवू नका.” आमच्यासमोरच तिने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी न रागावता ऐकून घेतले, मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले, तपासून तेच औषध कमी मात्रेने सुरू केले आणि दर आठवड्याला यावयास सांगितले.

पुढच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा पट्टी तसबिरीमागे नव्हती. ती माउलीच्या पेटीत होती. भिंतीवरील धर्मग्रामाच्या दिनदर्शिकेवर एकेका तारखेला पेन्सिलीने फुली मारलेली होती. आई आणि आत्या पाळीपाळीने मुलाच्या दाराशी अंथरूण टाकीत होत्या. सोयाबीनच्या फवारणीचे डबे शेजाऱ्यांच्या कुलपात होते. मुलगा पूर्ण बरा झाला, असे लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. वाट लांब आहे. त्या दिवशी त्याने आमच्यासोबत अर्धी भाकर खाल्ली आणि ‘फादर, परत कधी येणार?’ असे विचारले.

आम्ही तारीख सांगितली. त्याने ती दिनदर्शिकेवर स्वत: लिहून ठेवली.